हयातीचा दाखला

आमच्या आजोबांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे सरकारला पटवून द्यावे लागे. त्या दिवशी डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा लांब कोट ट्रंकेतून बाहेर निघे, काळ्या टोपीवर ब्रश फिरे आणि एरवी दहा वाजता पाटावर बसणारे आजोबा साडेनऊलाच जेवून खजिन्याच्या कचेरीकडे चालू लागत. सोबत मी. पंचावन्नाव्या वर्षी अव्वल कारकुनीवरून पेन्शनीत निघताना त्यांच्या कागदावर ओळखीची खूण म्हणून ‘उजव्या भुवईच्या वर तीळ’ अशी नोंद झाली होती. परंतु पुढच्या तेवीस वर्षांत डोक्यावरचे केस ज्या वेगाने कमी झाले त्याच वेगाने भुवयांचे वाढले होते, आणि त्या पांढऱ्या झुडपाखाली तीळ पार बुडून गेला होता. कारकून कागदाकडे पाही, आजोबांकडे पाही, पुन्हा कागदाकडे पाही.

“आजोबा, जरा भुवई वर धरा.”

आजोबा दोन बोटांनी भुवई उचलून धरीत आणि म्हणत, “नीट बघ, बाबा. आहे तिथंच आहे तो. तो काही माझ्याबरोबर पेन्शनीत निघाला नाही.”

कारकुनाने शिक्का मारला की आजोबा आणखी एक वर्ष कायद्याने हयात होत. बाहेर पडल्यावर मला पेढा मिळे.

हयात आणि दाखला हे दोन्ही शब्द आपल्याकडे जुन्या अमदानीपासून रुळलेले आहेत. पण त्यांची ही जोडी मात्र इंग्रजी अमलातल्या पेन्शनीशी घट्ट बांधली गेलेली आहे. मनुष्याने वार्धक्यात काय करावे, तो कुणाच्या उपयोगाचा, त्याचे पोट कुणाच्या पदरात आणि त्याच्या असण्याला पुरावा कोणता, या प्रश्नांची उत्तरे या प्रांतात गेल्या दोन-अडीचशे वर्षांत इतकी पालटली की त्या पालटाचा इतिहास म्हणजे जवळजवळ पेशवाईच्या अखेरपासूनच्या महाराष्ट्राचाच इतिहास होय, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

पेशवाईत निवृत्तीचे वय नावाची वस्तूच नव्हती. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची कामे वतनाची; वतन घराण्याचे आणि घराण्याला म्हातारपण येत नाही. कुलकर्ण्याची दृष्टी मंद झाली तर लिहिणे मुलाकडे किंवा मुतालिकाकडे जाई. पण वतनाचा मान त्याच वृद्धाच्या नावे राही आणि पानसुपारीच्या वेळी पहिला विडा त्यालाच मिळे. शिपाईगिरीची गोष्टही फार निराळी नव्हती. मल्हारराव होळकर पानिपतावर गेले तेव्हा त्यांचे वय अडुसष्टाच्या घरात होते, आणि १७६६ साली आलमपुरास देह ठेवीपर्यंत त्यांची स्वारीशिकारी संपली नव्हती. कोंढाण्याच्या कथेतला शेलारमामा तर लोकपरंपरेने ऐंशी वर्षांचाच करून ठेवला आहे. खरेखोटे परमेश्वर जाणे, परंतु ऐंशीच्या म्हाताऱ्याने तलवार हाती घेणे ही गोष्ट श्रोत्यांना असंभाव्य वाटत नव्हती, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. सरकार निराश्रितांना अगदीच वाऱ्यावर सोडीत असे नाही. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, विद्वान भिक्षुकाला वर्षासन मिळे. पण ती कृपा असे, वयाचा हक्क नव्हे.

त्या काळच्या वृद्धाचे खरे मोल त्याच्या स्मरणशक्तीत होते. वतनाचा तंटा पडला, शिवेचा दगड कुणी सरकवला, विहिरीतला हिस्सा कुणाचा याबद्दल वाद उभा राहिला, म्हणजे गोत जमे, आणि गोतात ज्यांची साक्ष वजनदार ते गावचे जाणते म्हातारे. ‘माझ्या आजाने मला हे झाड दाखवून सांगितले होते’ असे एखादा दात पडलेला कुणबी बोलू लागला की वकिली करणाऱ्यांची तोंडे बंद होत. मग त्या साक्षींवरून महजर होई, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. कुणब्याचा नांगर, सुताराची किकरे, ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. थकलेल्या माणसाला गाव पोसत असे याचे एक कारण भूतदया हे होते आणि दुसरे, मला वाटते, याहून व्यावहारिक होते: तो गेला म्हणजे गावाचे दप्तर जळाले.

इंग्रजी राज्य आले आणि दप्तर माणसाच्या डोक्यातून निघून कचेरीच्या कपाटात गेले. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या पाहणीचे काम हाती घेतले. साखळीने शेत मोजले, नकाशावर आकडा घातला आणि शीव ठरली. पुढे १८५२ साली इनाम कमिशन बसले. त्याने इनामदारांना विचारले की तुमच्या इनामास आधार काय. आणि आधार म्हणजे कागद, आजाने दाखविलेले झाड नव्हे. ज्याच्याजवळ सनद होती तो तरला. सनदांची फेरतपासणी करण्यासाठी पेशव्यांचे प्रचंड दप्तर कमिशनच्या ताब्यात गेले आणि पारावरच्या म्हाताऱ्याची साक्ष ही हळूहळू नातवंडांना झोपविण्याची गोष्ट होऊन बसली. म्हातारपणाचे अवमूल्यन पाश्चात्त्य शिक्षणाने केले असे म्हणण्याची रीत आहे. माझ्या मते ते मोजणीच्या साखळीने आधी केले आणि शिक्षणाने मागाहून.

जे एका हाताने घेतले त्याच्या बदल्यात सरकारने दुसऱ्या हाताने थोडे दिलेही, मात्र फार थोड्यांना. ते म्हणजे पेन्शन. या प्रांतातला सर्वांत नामांकित पेन्शनर कोण असे विचारले तर उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई चालू असताना दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांनी माल्कमसाहेबाच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लाख रुपयांचे पेन्शन पत्करले. रक्कम फार झाली अशी कुरकुर कंपनीच्या वरिष्ठांत झाली. बाजीरावांनी त्या कुरकुरीला उत्तर दिले ते दीर्घायुष्याने: गंगाकाठी ब्रह्मावर्तास स्नानसंध्या करीत ते १८५१ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, पेन्शन खात राहिले. राज्य करण्यात जे चिकाटी दाखवू शकले नाहीत त्यांनी ती निवृत्तीत दाखविली.

पुढे सरकारी नोकरीत पंचावन्न हे निवृत्तीचे वय रूढ झाले आणि ते बहुतेकांना १९६२ पर्यंत पुरले; त्यानंतर केंद्र सरकारने ते अठ्ठावन्न केले. ज्या देशाचे सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारासही बत्तिशीच्या आसपास होते, त्या देशात पंचावन्न गाठणे हीच मोठी मजल होती. आणि ती गाठलेल्या धट्ट्याकट्ट्या, इंग्रजी लिहिणाऱ्या, हिशेब जाणणाऱ्या माणसाला सरकार एक दिवस सकाळी सांगे की उद्यापासून तुझे काम नाही, पगाराचा काही हिस्सा मात्र मरेपर्यंत चालू राहील. काम नाही, पोटाची ददात नाही, शरीर शाबूत आहे, अशी अवस्था आमच्या समाजाने त्यापूर्वी फारशी पाहिलेली नव्हती. तिच्यासाठी शास्त्रात तयार नियम नव्हता आणि रूढीतही नव्हता.

शास्त्रात नव्हता म्हणताना मी थोडा अडखळतो. मनूने गृहस्थाला सांगितले आहे की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले म्हणजे अरण्याची वाट धरावी. परंतु मागाहूनच्या धर्मग्रंथकारांनी कलियुगात ज्या गोष्टी करू नयेत त्यांची जी यादी केली, तिच्यात वानप्रस्थाश्रमाचीही गणना झाली. म्हणजे अरण्याचा दरवाजा शास्त्रानेच लोटून घेतला आणि म्हातारा माजघरात राहिला. राहिला तर राहिला, त्याच्या राहण्याचा उत्सव तरी करावा, म्हणून की काय, आमच्याकडे वयोवस्थेच्या शांतींची शिडी उभी राहिली: पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठीला उग्ररथ, पुढे मृत्युंजय, सत्तरीला भैमरथी, मग ऐंद्री, आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. पंचावन्नाला माणूस मोकळा करताना सरकारने नकळत वारुणीचा मुहूर्त साधला, हा योगायोग माझ्या आजोबांच्या ध्यानात आला होता व ते तो आल्यागेल्याला सांगत.

या शांतींच्या मुळाशी वयाबद्दलची जी भावना आहे ती मोठी वेधक आहे. प्रत्येक शांत ही एका अरिष्टाची चाहूल मानून केलेली. उग्ररथ, मृत्युंजय ही नावेच काही मंगलमय नाहीत. तरीही घरात त्या दिवशी जो थाट असतो तो लग्नाचा. याचे कारण साठीच्या गणितात आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे चक्र आहे. मनुष्य ज्या संवत्सरात जन्मला तेच संवत्सर साठ वर्षांनी परत येते, आणि त्या हिशेबाने साठीचा म्हातारा पुन्हा शून्य वयाचा होतो. म्हणून पुन्हा अभ्यंगस्नान, पुन्हा पाटावर जोडीने बसणे, सुनांनी सासूला हळदीकुंकू लावून थट्टा करणे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारी भाषा आणि साठीला नवा जन्म मानणारी रूढी एकाच घरात नांदत आली आहेत, आणि कोणता पक्ष खरा याचा निकाल ज्याने त्याने आपल्या घरातल्या म्हाताऱ्याकडे पाहून करावा.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर पंचांगाच्या जाणकारीचा नमुनाच आहे. ऐंशी वर्षांच्या बारा बारा पौर्णिमा धरल्या तर नऊशे साठ होतात, म्हणजे चाळीस कमी. पण सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक याप्रमाणे तेवढ्या काळात एकोणतीस-तीस अधिकमास पडतात, आणि त्यांची भर घातल्यावर हजाराला दहाअकराच उणे राहतात. ते एक्याऐंशीव्या वर्षात भरून निघतात. ज्या अधिकमासात शुभकार्ये खोळंबतात त्या मलमासांनी म्हाताऱ्याच्या पदरात अडीच वर्षांचे चंद्र टाकले आहेत. आणि या सगळ्यांवरचा कळस म्हणजे पणतूचे तोंड पाहणाऱ्यावर उधळायची सोन्याची फुले. गरिबाघरी ती गुंजभर सोन्याची असत आणि उधळून झाल्यावर सगळे घर ओणवे होऊन ती वेचीत बसे.

उत्सव मात्र एका दिवसाचा. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय? या प्रश्नाला महाराष्ट्राने सर्वांत थोर उत्तर दिले ते चालण्याने. साताऱ्याकडील आरफळचे हैबतरावबाबा पवार हे ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी सरदार होते. कमाई घेऊन गावी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना कोंडून घातले, तेथे त्यांनी हरिपाठाचा आधार धरला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदीस जाऊन राहिले, अशी परंपरागत हकीकत आहे. त्यांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांच्या पालखीला जे रूप दिले त्यात लष्कराचा शिस्तबद्ध हात स्पष्ट दिसतो. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तुतारी, मुक्कामाचा तळ, अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व, हा सारा सरंजाम फौज चालविलेल्या माणसालाच सुचावा. चाकरी संपलेल्या सरदाराने आपली विद्या देवाच्या स्वारीसाठी वापरली आणि त्या सोहळ्यात पुढे पिढ्यान्‌पिढ्या म्हाताऱ्या माणसांनी आषाढाच्या पावसात सत्तर-ऐंशी कोस तुडविले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली, गुडघे वाकलेली बाई दिवे घाट चढताना मी पाहिली आहे. तिच्यामागे चालताना मला, निम्म्या वयाच्या मनुष्याला, दम लागला होता आणि ती ओवी म्हणत होती. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या महाद्वारात पायरीशी आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावले आपल्यावर पडावीत हीच त्यांची इच्छा असावी.

पुण्याची गोष्ट निराळी. पुणे हे पेन्शनरांचे शहर, हा शेरा पुणेकरांनी थोड्या अभिमानाने आणि इतरांनी थोड्या कुत्सितपणाने इतक्या वेळा उच्चारला आहे की त्यात काही तथ्य उरले आहे की नाही हेच कळेनासे झाले. कोरडी हवा, मुळामुठेचे पाणी, मुलांसाठी कॉलेजे, जुन्या ओळखीचे लोक. बडोदे-इंदूरपासून धारवाडपर्यंत नोकऱ्या केलेली मंडळी येथे येऊन ठेपली आणि पेठांतल्या वाड्यांत, पुढे डेक्कन जिमखान्यावरच्या बंगल्यांत, स्थायिक झाली. पहाटे पर्वती, नाही तर चतुःशृंगी किंवा हनुमान टेकडी. सकाळी पुणे नगर वाचन मंदिरात वर्तमानपत्रासाठी नंबर. उन्हाळ्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या वेळेपासून म्हणजे १८७५ पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेत पहिल्या दोन रांगा. व्याख्याता बदले, विषय बदले, रांगा बदलत नसत. व्याख्यान संपल्यावर उठून ‘आपण म्हणालात ते ठीक, परंतु’ अशी सुरुवात करणारा गृहस्थ हा बहुधा सब-जज्ज असे.

या मंडळींची टिंगल करणे सोपे आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. पण याच मोकळ्या झालेल्या वर्षांतून जे काम उभे राहिले ते पाहिले म्हणजे टिंगल घशात अडकते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. वैष्णव आणि शैव संप्रदायांवरचा त्यांचा प्रख्यात ग्रंथ १९१३ चा, वयाच्या शहात्तराव्या वर्षीचा. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांनी ऐंशी वर्षे पुरी केली त्या दिवशी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था पुण्यात स्थापन झाली आणि म्हाताऱ्याने आपला ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला. सहस्रचंद्रदर्शनाला लोक तुला करून घेतात. यांनी कपाटे रिकामी केली. पांडुरंग वामन काणे पेन्शनर नव्हते, गिरगावात राहून वकिली करीत होते. पण धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली, पन्नाशीत, छापून काढून पाचव्या खंडाचा शेवट त्यांनी १९६२ साली ब्याऐंशीव्या वर्षी केला, आणि पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्याच शास्त्राने निषिद्ध ठरविलेल्या वानप्रस्थाची त्यांना गरजच पडली नसावी.

धोंडो केशव कर्वे यांचे नाव या संदर्भात इतके घेतले जाते की ते टाळावे असे वाटते, पण टाळता येत नाही. जन्म १८५८ चा. गणिताची प्राध्यापकी करीत असताना हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजापर्यंत चिखल तुडवीत जाणेयेणे हे त्यांचे रोजचे व्रत होते. १९१४ साली कॉलेज सुटले आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ निघाले. इथपर्यंत एक आयुष्य. १९२९ साली सत्तरी संपवून एकाहत्तरीत पडता पडता हा मितभाषी, किरकोळ शरीराचा मनुष्य आगबोटीवर चढला. इंग्लंड, जिनिव्हा, बर्लिन, अमेरिका, जपान असे करीत जगाला वळसा घालून आला, वाटेत आइन्स्टाइनला भेटला, आणि परतल्यावर त्याच वर्षाखेरीस, डिसेंबर १९३० मध्ये, आफ्रिकेला निघाला. तिकडे मोंबासापासून दक्षिणेपर्यंत हिंडून संस्थेसाठी वर्गणी गोळा करण्यात सव्वा वर्ष गेले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. शंभरी भरली त्या वर्षी भारतरत्न आणि त्यानंतर आणखी चार वर्षे. कर्व्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य म्हणून आहार, चालणे, अल्पभाषण इत्यादी अनेक गोष्टी सांगितल्या गेल्या. मला त्यांच्या चरित्रातील वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते: प्रत्येक संस्था मार्गी लागली की ते तिच्यातून बाजूला होत. ‘मी केले’ म्हणून खुर्ची अडवून बसणारा म्हातारा आणि ‘आता पुढे काय’ म्हणून जोडे घालणारा म्हातारा, यांत पुण्याने पहिल्या जातीचे नग कमी पाहिलेले नाहीत.

तथापि माझ्या मनातला निवृत्तीचा खरा नायक कर्वे नव्हेत; तो मान मी गोविंद सखाराम सरदेसाई यांना देतो. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले हे गृहस्थ १८८९ पासून सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत. राजपुत्रांना शिकवावे, महाराजांना वाचून दाखवावे, विलायतेच्या सफरीत बरोबर जावे आणि उरलेल्या वेळात ‘रियासती’ नावाचे इतिहासग्रंथ लिहावेत, अशी सदतीस वर्षांची नोकरी. १९२५ साली साठीत ते निवृत्त झाले आणि पुण्यात न राहता इंद्रायणीकाठी कामशेतला येऊन बसले. लौकिकदृष्ट्या येथे चरित्र संपायला हवे. पण इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या आग्रहाने मुंबई सरकारने पेशवे दप्तर चाळण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि वयाच्या पासष्टीला हा मनुष्य मोडी रुमालांच्या ढिगाऱ्यासमोर बसला. रुमाल म्हणजे खांद्यावरचा नव्हे. कागद बांधायचे चौकोनी फडके, ज्याची गाठ सोडताना शंभर वर्षांची धूळ नाकात जाते आणि वाळवीने केलेल्या जाळीतून अक्षर जुळवावे लागते. असे हजारो रुमाल. मोजके साहाय्यक हाताशी घेऊन सरदेसायांनी त्यांतून निवडक पत्रे वेचली आणि १९३० ते १९३४ या अवधीत त्यांचे पंचेचाळीस खंड छापून बाहेर पडले. ही पंचेचाळीस संख्या वाचताना सहज निघून जाते. ती एखाद्या ग्रंथालयात फळीवर ओळीने उभी पाहावी.

त्यानंतर, बहुधा विश्रांती म्हणून, त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक ऐंशीच्या पार गेलेला होता. सरदेसायांच्या काही निष्कर्षांशी तेव्हाच्या पुण्यातील संशोधकांचे कडाक्याचे वाद झाले आणि ते सर्वस्वी अनाठायी होते असे मी म्हणणार नाही. वर्णनाच्या ओघात त्यांची लेखणी कधी कधी पुराव्याच्या पुढे धावते. परंतु वाद घालणाऱ्यांनाही कागद पुरविले ते याच म्हाताऱ्याने. आणि त्या दप्तराची कुळकथा ध्यानात घेतली म्हणजे गंमत वाटते. ज्या दप्तराच्या जोरावर इनाम कमिशनने पारावरच्या वृद्धाची साक्ष रद्दबातल केली, त्याच दप्तराच्या रुमालांत जुने तंटे, महजर, गावोगावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हकीकती बांधून पडल्या होत्या. त्यांची गाठ सोडायला शेवटी एक पेन्शनरच यावा लागला.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांची तऱ्हा आणखी वेगळी. सूर्यनमस्कारांचे त्यांना वेड होते. स्वतः घालावेत, राण्यांनी व मुलांनी घालावेत, शाळेतल्या पोरांनी घालावेत आणि पाहुण्यालाही सोडू नये. १९३९ साली सत्तरीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार रयतेच्या हाती सोपविला. त्यांच्याच औंधात वेदांच्या भाषांतराचे काम चालविणारे चित्रकार पंडित सातवळेकर १९४८ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, बिऱ्हाड उचलून गुजरातेत पारडीला गेले आणि तेथे नव्याने छापखाना मांडून शंभरी गाठीपर्यंत पुस्तके काढीत राहिले.

हे सारे पुरुष झाले, आणि बहुतेक पांढरपेशे. ज्या बायकांनी यांची घरे चालविली त्यांना पंचावन्नाव्या वर्षी कुणी मोकळे केले नाही; त्यांच्या कामाला वय नव्हते, म्हणून निवृत्ती नव्हती, म्हणून पेन्शनही नव्हते. त्यांतूनही एखादी लक्ष्मीबाई टिळक निघते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने साठी उलटल्यावर जी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, त्यांचा पहिला भाग १९३४ साली आला आणि मराठी गद्य एकदम तरुण झाले. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ही त्यांच्या वार्धक्यातलेच, आणि जगाने ज्याला महर्षी म्हटले त्याच्या संसारात मीठमिरची कुठून येई हे त्यातच कळते. खेड्यातल्या म्हाताऱ्याला तर दाखला नाही की खजिना नाही. तो माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकीत राहिला, म्हातारी गोधडीला टाके घालीत राहिली. हात चालेनासे झाले तेव्हा त्यांना निवृत्त केले ते देहाने. पेन्शनरांच्या कर्तृत्वाची गाथा गाताना हे विसरणे म्हणजे पर्वतीवरून खडकीची लढाई पाहण्यासारखे आहे.

पर्वतीचे नाव पुन्हा निघाले म्हणून आजोबांचे सांगून टाकतो. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या त्या देवस्थानाला एकशे तीन पायऱ्या आहेत आणि आजोबा पेन्शनीत निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या रोज चढत. ते वारल्यावर ट्रंक आवरताना लांब कोटाखाली त्यांची एक लांबट वही सापडली. कचेरीतल्या सवयीने त्यांनी ती आखून घेतली होती: तारीख, पायऱ्या, शेरा. पहिली कित्येक वर्षे पायऱ्यांच्या रकान्यात १०३, १०३, १०३, आणि शेऱ्यात कधी ‘धुके’, कधी ‘वाटेत जोशी भेटले, पाऊण तास’. एक्याऐंशीव्या वर्षी, शांत झाली त्या तारखेला, ‘१०३, सुनेचा विरोध’. त्यानंतर कधीतरी ७२ आले. मग ५०, पुन्हा एकदा ६१ आणि शेऱ्यात ‘सावकाश जमते’. शेवटच्या पानावर पायऱ्यांचा रकाना कोरा ठेवून समोर स्वच्छ, वळणदार मोडीत लिहिले होते: ‘पायथ्यापर्यंत. आज रहदारी फार.’